दोन ठोके

छापखान्यात दोघांचं टेबल मागच्या खिडकीशी होतं. अण्णा मूळप्रत मोठ्यानं वाचत आणि समोर बसलेली प्रूफबाई ऐकत ऐकत छापील कागदावर पेन्सिल फिरवी. विरामचिन्हं तोंडानं सांगायची अण्णांची मुळी पद्धतच नव्हती. स्वल्पविरामाला टेबलावर बोटानं एक ठोका, अर्धविरामाला दोन, वाक्य संपलं की तळहात. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

दुपारी त्या आवाजात प्रूफबाईचे डोळे कागदावर असत, मन मात्र भलतीकडेच निघून जाई. इंग्रजी व्याकरणाच्या स्वाध्यायपुस्तिकेत तर ती पार हरवायची. एका वाक्यात कुणी छत्री विसरलेला असे, दुसऱ्यात एक बहीण स्टेशनवर थांबलेली असे, आणि वाक्य संपलं की माणसं गायब. त्या बहिणीला कुणी न्यायला आलं का, ही काळजी बाईला घरी भांडी घासतानाही सोडत नसे. अण्णा हसून विचारत, बाई, परत आलात का, मग पुढं वाचतो.

वाक्यं जोडणाऱ्या इंग्रजी शब्दांची गोम अण्णांनीच तिला समजावली होती. ‘अँड’, ‘बट’ ही घरची माणसं, दोन पुरती वाक्यं जोडताना त्यांच्याआधी स्वल्पविराम पुरे. ‘हाउएव्हर’ म्हणजे बडा पाहुणा. तो दोन वाक्यांच्या मध्ये आला की आधी अर्धविराम हवाच, आणि मागून स्वल्पविराम.

दोन महिन्यांपूर्वी अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना काही कळतं का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. सोमवारी त्यांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात कायमचं हलवायचं, असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, आणि मुलानं ठरवलं. ठरवलं तेही त्यांच्या उशाशी बसूनच, ऐकणार कोण होतं?

प्रूफबाईला हे पटत नव्हतं, पण दुसऱ्याच्या संसारात तोंड घालायची तिची छाती नव्हती. शनिवारी ती त्यांच्या घरी भेटून यायला गेली. काय बोलावं सुचेना, म्हणून तिनं पिशवीतलं स्वाध्यायपुस्तिकेचं प्रूफ काढलं आणि मोठ्यानं वाचत बसली. पडद्यातून ऊन येत होतं. वाचता वाचता मन नेहमीसारखं निघून गेलं, वाक्यांतली माणसं उठून चालायला लागली, मध्ये मध्ये ठोके पडत राहिले. एक. एक. मग तळहात. पान उलटताना तिच्या ध्यानात आलं, की ठोके खरेच पडताहेत. अण्णांचा डावा हात पलंगाच्या कडेवर होता.

तिनं वहिनींना हाक मारली आणि एक वाक्य पुन्हा वाचलं. रस्ता लांब होता, हाउएव्हर, बहिणी चालत निघाल्या, अशा अर्थाचं. ‘हाउएव्हर’च्या आधी दोन ठोके पडले, नंतर एक. प्रुफात पहिल्या जागी नुसता स्वल्पविराम होता. तिनं पिशवीतली मूळप्रत काढून पाहिली, तिथं अर्धविराम होता. खिळे जुळवणाऱ्याची चूक अण्णांनी न बघता पकडली होती.

वहिनी दारातच खाली बसल्या. “म्हणजे यांना सगळं कळत होतं?”

“पहिल्यापासून, वहिनी.”

या माणसात आता काही उरलं नाही, हे वहिनी याच खोलीत किती वेळा बोलल्या होत्या. आता एकदाचा सुटला तर बरं, हेही. त्या उठल्या, पलंगापाशी गेल्या आणि त्यांचा हात धरला.

“अहो, मी थकले होते हो. तुमचा कंटाळा नव्हता, मलाच सोसवत नव्हतं. सोमवारी कुठं जायचं नाही.”

दोन महिने अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून असत. मान आखडली असेल, असंच सगळे समजत होते. त्यांनी हळूहळू मान वळवली आणि बायकोकडे बघितलं.