बासरीची पिशवी

नीलांबरी ओक दुपारी झोपत नाहीत, असं त्या सगळ्यांना सांगतात. जेवणानंतर त्या आरामखुर्चीत डोळे मिटून विचार करतात, इतकंच. तो विचार अधूनमधून घोरतो, ही गोष्ट वेगळी. आज मात्र त्यांना डोळे मिटायचीही भीती वाटते आहे. युद्धकाळातल्या विमानतळांवरचं त्यांचं पुस्तक पाच वाजता छापखान्यात जायचं आहे आणि पान एकशे बारा अजून मांडीवरच आहे.

त्या पानावर खडकमाळच्या धावपट्टीवरचा १९४४ सालचा अपघात आहे. विमानाच्या पंखाखाली वेग मोजणारी नळी असते. विमान जमिनीवर असलं की तिच्यावर कापडी खोळ चढवतात, उडण्याआधी काढतात; राहिली तर वैमानिकाला वेग कळत नाही. चौकशीचा कागद म्हणतो, मेकॅनिक बाबाजी भोईटे खोळ काढायला विसरला, म्हणून विमान पडलं आणि एकोणीस वर्षांचा वैमानिक रिबेलो जळून गेला. पुरावा एकच. खोळ स्टोअरला परत आली नाही, म्हणजे ती विमानावरच राहिली.

बाबाजींना जाऊन तीस वर्षं झाली. त्यांची लेक हौसाताई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी वडिलांची ट्रंक विश्वासानं बाईंच्या हवाली केली आणि अण्णांचं नाव पुस्तकात येणार म्हणून गावभर सांगत सुटल्या. नाव येणार आहे, पण असं.

"मावशी, पाय जरा बाजूला घ्या."

बाई पाय घेतात. खुर्चीखालची फरशी तापलेली आहे, डांबराची आहे. खाकी चड्डीतला एक तरणा गडी त्यांच्या मांडीवरच्या पानावर वाकून वाचतो आहे. ट्रंकेतल्या फोटोतला चेहरा. वय चोवीस. याला अरे म्हणावं की अहो, हे बाईंना कळत नाही.

"अहो भोईटे, कागदात आहे तेच मी लिहिलंय."

"कागदात हाय खरं," तो म्हणतो.

कुठंतरी इंजिन सुरू होतं. गॅस बंद करायला हवा म्हणून बाई स्वयंपाकघरात धावतात, तर तिथं लोखंडी जाळीआड स्टोअरकीपर बसला आहे. मागच्या फळीवर त्यांचेच डबे आहेत. "खोळ जमा करा," तो ओरडतो. "लवकर!" बाई पदर झटकतात, डबे उघडतात. डाळ, रवा, डाळ. इंजिनाचा आवाज वाढतो आहे.

"देऊ नगा," मागून बाबाजी म्हणतो. "इमान उतरल्याबिगर खोळ जमा करायची न्हाई. आमची रीत हाय. काढायची, पायलटला वर करून दावायची, त्यानं अंगठा दावला की खिशात. आधी जमा केली तर इमान माघारी येत न्हाई."

"म्हणजे तुम्ही काढली होती?"

ते दोघं आता धावपट्टीच्या कडेला उभे आहेत आणि विमान त्यांच्या डोक्यावरून फार खालून जातं आहे. आतला पोरगा हसून हात हलवतो. बाई किंचाळतात, "अरे, वर घे!" झाडांपलीकडे धूर उठतो.

"रोज अशीच मस्ती करायचा," बाबाजी म्हणतो. "समद्यांनी बघितलं, पन कुनी बोललं न्हाई."

"मग चौकशीत खोळ का नाही दाखवली?" बाईंचा आवाज रागानं चिरकतो. "जन्मभर ठपका घेतलात!"

"त्याच्या आईला पत्र जायचं व्हतं, मावशी. तुझं पोर सोताच्याच चुकीनं गेलं, असं लिवायचं? मी जिता व्हतो. मला सोसलं." तो घाम पुसतो. "आता ती माउली न्हाई. माझी हौसा हाय. तिनं हे पान वाचायचं व्हय?"

बाईंना रडू फुटतं.

"त्याचं बी लिवा," तो म्हणतो. "पन पोर म्हनून लिवा." तो पानावर अंगठा टेकवतो. "आन् ट्रंकेतली पिशवी उलटी करा."

घड्याळात पावणेपाच. आरामखुर्ची, गार फरशी. पान एकशे बारा मांडीवर आहे आणि बाबाजी भोईटे या नावावर वंगणाचा काळा अंगठा उमटलेला आहे. बोटाला लागतो, ओला आहे.

बाई ट्रंक उघडतात. पट्टा, फोटो, आणि लाल पट्टी लोंबणारी ती अरुंद खाकी पिशवी. अण्णांची बासरीची पिशवी, असं हौसाताईंनी सांगितलं होतं आणि इतिहासाच्या एवढ्या पंडित बाईंनी तसंच यादीत लिहून टाकलं होतं. त्या पिशवी उलटी करतात. आतल्या शिवणीवर शाईनं विमानाचा क्रमांक आहे. पान एकशे बारावर आहे तोच. म्हणजे हीच ती नळीवरची खोळ.

छापखान्याला त्या दोनच शब्द सांगतात, "आज नाही." मग हौसाताईंना फोन लावतात.

"अण्णा बासरी वाजवायचे का हो?"

"कुठली वो! जन्मात न्हाई," पलीकडून हौसाताई हसतात. "पन ती पिशवी कायम खिशात. इमान गेल्याचा आवाज आला, की अंगनात जाऊन वर बघत उभं ऱ्हायचं."