ओदेतबाई ओरडल्या नाहीत तेव्हा

फ्रान्समधल्या लियों शहराच्या जुन्या भागात आमच्या इमारतीच्या पोटातून एक बोळ जातो, आतला चौक ओलांडतो आणि पलीकडच्या रस्त्याला निघतो. तो पाहायला दिवसभर प्रवासी येतात. पहिल्या मजल्यावरच्या ओदेतबाई पेराशों पूर्वी मागावर रेशीम विणायच्या. आता त्या एकट्याच राहतात आणि खिडकीतून प्रवाशांना दटावतात, "हळू बोला! इथे माणसं राहतात!"

माझा जुना विद्यार्थी तिबो प्रवाशांना शहर दाखवतो. तो आधीच सांगून ठेवतो, "चौकात वरून बोलणी बसतील. तीही पाहण्यासारखी आहेत."

परवा त्याची मंडळी चौकात मोठ्याने हसली, पण वरून शब्द आला नाही. त्याने मुद्दाम शीळ घातली, तरीही नाही. तो धावतच माझ्या दारी आला.

"सर, बाई ओरडल्या नाहीत!"

त्यांची जादा किल्ली माझ्याकडे असते. ती घेऊन आम्ही दोघं धावलो आणि त्यांचं दार उघडलं. बाई मागच्या स्वयंपाकघरात फरशीवर पडल्या होत्या. पाय सुजला होता आणि सकाळपासून हाका मारून आवाज बसला होता. पण त्या शुद्धीवर होत्या.

तिबो शेजारी बसला. "मावशी, जीव घेतलात हो आमचा."

"शीळ कोणी घातली?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मीच."

"लाज नाही वाटत? हे काय गुरांचं कुरण आहे?"

तिबो हसत हसत डोळे पुसू लागला. मी रुग्णवाहिकेला फोन केला आणि मगच खुर्चीत टेकलो. खाली प्रवासी अगदी गप्प उभे होते.