वायरलेस गप्प झालं तेव्हा

माझे मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात जनरेटर दुरुस्त करायचे. वर्षभरासाठी ते अंटार्क्टिकातल्या संशोधन तळावर मेकॅनिक म्हणून गेले. एप्रिलमध्ये तिघांना घेऊन ते बर्फगाडीतून लांबवरचं एक यंत्र दुरुस्त करायला निघाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं वायरलेस गप्प झालं.

त्यांना पाठवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. तळाशी बोलणं होत होतं, गाडीशी नव्हतं.

"गाडी बिघडली का?" मी विचारलं.

"तसं नाही, ताई. सूर्याकडून विद्युतकणांचा जोरदार वारा आलाय. एरवी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तो बाजूला सारतं. पण ध्रुवाजवळ त्या क्षेत्राच्या रेषा खाली जमिनीकडे वळतात, तिथून कण आत उतरतात. सगळं क्षेत्र ढवळून निघतं. रेडिओच्या लहरी वरच्या हवेतच जिरतात."

"होकायंत्र तर असेल ना त्यांच्याकडे?"

"तळावरच्या होकायंत्राचाही काटा हलतोय."

दोन दिवस मी फोन हातातून सोडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले, तर सासूबाई नेहमीसारखं सूर्याला अर्घ्य देत होत्या. माझं भान सुटलं. मी तांब्या हिसकावला.

"ह्यालाच पाणी घालताय? ह्यानंच नेलंय त्यांना!"

त्या ओरडल्या नाहीत. ओल्या फरशीवरच खाली बसल्या. म्हणाल्या, "मग हात कोणाला जोडू, ते तरी सांग."

मीही त्यांच्याशेजारी बसले. ऊन चढलं तरी दोघी उठलो नाही.

दुपारी फोन वाजला. गाडी सापडली होती. दिशा कळेना म्हणून त्यांनी ती जागीच थांबवली होती. उबेसाठी इंजिन चालू ठेवायचं, तर डिझेलची नळी गोठली. ह्यांनी बाहेर उतरून, हातमोजे काढून ती मोकळी केली. चौघं वाचले. ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुढे कापावी लागली.

तळावर परतल्यावर ह्यांचा फोन आला. "ऐकू येतंय का?" ते म्हणाले.

"बोला," मी म्हटलं. "बोलत राहा."

आता ते घरी आहेत. पाना नीट धरता येत नाही, म्हणून कारखान्यानं त्यांना स्टोअरमध्ये बसवलंय. एकदा जेवताना म्हणाले, "त्या वेळी सूर्याच्या त्या कणांनी आकाश हिरवंगार झालं होतं. इतकं सुंदर मी कधी पाहिलं नाही."

मी म्हटलं, "हे मला परत सांगू नका."

त्यांनी परत कधी सांगितलं नाही.