हात बघून माऊस देणारे आबेकू मास्तर

टाकोराडी या बंदरगावाच्या मार्केट सर्कलला मागच्या बाजूने शिरलं की मक्याच्या आंबवलेल्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांच्या, म्हणजे केंकेच्या, वाफेत अर्धवट बुडालेलं एक दुकान लागतं. पाटीवर अजून 'देवाची वेळ पादत्राणे' असंच आहे. आबेकू क्वान्सा मास्तरांनी इथे बावीस वर्षं बूट विकले. मग बंदरावर जुन्या बुटांचे गठ्ठेच्या गठ्ठे उतरायला लागले, नवा बूट कुणी विचारेना, तेव्हा मास्तरांनी संगणकाचे माऊस विकायला घेतले. नवी पाटी रंगवायला ते काही खुळे नव्हते. चित्रातल्या बुटावर त्यांनी तेवढा माऊस काढून घेतला आणि बुटाची नाडी माऊसची वायर म्हणून तशीच ठेवली.

हापिसातल्या कामाचा माऊस कुणीही विकतं. मास्तरांकडे यायची ती गोळीबाराचे खेळ खेळणारी पोरं, कारण त्या खेळात हात केसभर हलला तरी गोळी भिंतीत जाते आणि खेळणारा मातीत. आलेला प्रत्येक जण आधी काचेतल्या सात रंगांच्या दिव्यांकडे बोट दाखवायचा.

"मास्तर, तो लुकलुकणारा द्या."

"कशाला? शत्रूला तुझा पत्ता सापडावा म्हणून? बस खाली."

बूट घालून बघायचं ठेंगणं स्टूल अजून होतं. पाय मोजायची लाकडी फळीही होती. मास्तर गिऱ्हाइकाचा तळहात त्या फळीवर ठेवायचे आणि नंबर सांगायचे. मग ओवारेचा पट निघायचा. बारा खळगे, अठ्ठेचाळीस सागरगोटे. "एक डाव खेळ माझ्याशी," म्हणायचे. गिऱ्हाईक डाव खेळायचं आणि मास्तर त्याचा हात बघायचे. एखादा सगळा पंजा खळग्यावर पालथा घालून गोटे उचलायचा, त्याला पाठ फुगलेला, भरदार माऊस. एखादा बोटं आकडीसारखी वाकवून ओरबाडायचा, त्याला आखूड. चिमटीने एकेक गोटा वेचणाऱ्याला चपटा आणि हलका. तोंडाने गिऱ्हाईक काहीही थापा मारो, गोटे उचलताना हात खरं बोलतो, यावर मास्तरांचा पक्का विश्वास होता. शिवाय डाव तेच जिंकायचे.

दुकानाचा एकच कडक नियम होता. देणं, घेणं, खेळणं, सगळं उजव्या हाताने. तसं गावात सगळेच पाळतात, पण मास्तरांनी त्याचं अगदी पोलीस ठाणं करून ठेवलं होतं. कराच्या माणसाने एकदा नोटीस डाव्या हाताने पुढे केली, तर त्यालाही "साहेब, परत द्या" म्हणून ती पुन्हा द्यायला लावली होती. समोरच्या माडीवर संगणकांचा अड्डा चालवणारा कोबिना ओटू एकदा फोनवर बोलता बोलता डाव्या हाताने नोट देऊन बसला. मास्तरांनी त्याला बाहेर काढून, पुन्हा आत यायला लावून, पुन्हा नोट द्यायला लावली होती. चार लोकांसमोर.

दाराशी केंके विकणारी त्यांची थोरली बहीण एफुआ हे सगळं बघून केंकेच्या वाफेआड हसायची. "गिऱ्हाइकं येतात ती माझ्या केंकेसाठी," ती म्हणायची, "तुझ्याकडे तर शिक्षा भोगायला येतात."

मास्तरांना एकच मुलगी, आरबा. वीस वर्षांची, कॉलेजात वीजजोडणी शिकणारी, बोलायला थोडी आणि बघायला तिखट. कोबिनाच्या अड्ड्यावर भिंतीला मशीनने मोजलेल्या नेमबाजीच्या गुणांची यादी लावलेली असे. गेले पाच महिने त्या यादीत सगळ्यात वर आरबाचं नाव होतं. कोबिनाचा पाच जणांचा संघ कुमासीला मोठ्या स्पर्धेला निघाला होता, पाचवी जागा रिकामी होती, आणि ती आरबाची हे सगळे धरून चालले होते.

पण दोनदा तिला सगळ्यांसमोर खेळवलं आणि दोन्ही वेळा तिने नुसती भिंतीला भोकं पाडली. समोरचा चालत येऊन तिला मारून गेला तरी तिची गोळी छताकडे. मग कुजबुज सुरू झाली. यादीतलं नाव हिचं, हात दुसऱ्याच कुणाचा. कोबिनाने शेवटचं सांगून टाकलं, "शनिवारी तीन वाजता. नाही लागला नेम, तर जागा दुसऱ्याला, आणि यादीतलं नावही मी खोडणार. माझ्याकडे फसवाफसवी चालत नाही."

मास्तरांच्या हे वर्मी लागलं. माझ्या पोरीला खोटारडी म्हणतात! त्यांच्या मते दोष एकाच गोष्टीचा असू शकत होता. त्यांनी आरबाला स्टुलावर बसवलं, फळीवर उजवा हात ठेवून सहा नंबर काढला, ओवारे खेळायला लावलं आणि भरदार माऊस दिला. नेम नाही. आखूड दिला. नेम नाही. एवढा हलका दिला की वाऱ्याने उडेल. तरी नाही.

"हात तर सरळ सांगतोय," मास्तर वैतागून म्हणाले. "मग तुझं डोकं कुठे असतं?"

आरबाने माऊस उचलून परत काचेत ठेवला.

"अरे, अख्ख्या गावाला माऊस बसवतोस," एफुआ दारातून म्हणाली, "आणि घरच्या पोरीला बसेना? चांभाराच्या घरी अनवाणी!"

"ताई, तू केंके बघ."

शुक्रवारी दुपारी आरबा कॉलेजातून आली. चौथा माऊस घेऊन मास्तर तयारच होते. एफुआने पातेल्यातून केळीच्या पानातला गरम केंके काढला. तिला एक जुनी खोड होती, भाचीच्या हातात काही देण्याऐवजी ती फेकायची.

"आरबा, झेल!"

आरबाचं लक्ष भलतीकडे होतं. तरी डावा हात सटकन वर गेला आणि गोळा हवेतल्या हवेत पकडला. इतका गरम, इतका अचानक, आणि तरी बोटं अचूक बसली. लगेच तिने तो उजव्या हातात घेतला. आणि चोरून बापाकडे बघितलं.

मास्तरांनी ते बघणं बघितलं. हातातला माऊस त्यांनी खाली ठेवला.

सतरा वर्षांपूर्वीची दुपार त्यांना जशीच्या तशी आठवली. तीन वर्षांची आरबा डाव्या हाताने ताटातला मासा उचलायची. किती सांगितलं तरी डावाच. मग एफुआने मिरची वाटून दिली होती आणि मास्तरांनी ती पोरीच्या डाव्या बोटांना चोळली होती. पोरीने तोच हात डोळ्याला लावला. दिवसभर रडली. चौथ्या दिवशी उजव्या हाताने जेवायला लागली, आणि रविवारी चर्चच्या अंगणात मास्तरांनी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं की बघा, वळण कसं लावायचं असतं.

"आरबा," ते म्हणाले, "ती यादीतली नेमबाजी कुठल्या हाताची?"

ती केंकेचं पान खरवडायला लागली. "सकाळी कोबिना मला अड्ड्यावर बसवून आत्तीकडे खायला येतो ना. तासभर तरी उठत नाही. तेव्हा कोपऱ्यातल्या मशीनवर कुणी नसतं."

"डाव्या हाताने?"

"हो."

"पण त्याच्याकडचे सगळे माऊस उजव्या हाताचे आहेत."

"टोचतात. अंगठा कुठे ठेवावा कळत नाही. चालवते कसातरी."

मास्तरांमधली दोन माणसं एकाच वेळी जागी झाली. बाप होता तो शरमला, आणि दुकानदार होता तो चाट पडला. उलट्या पायात बूट घालून ही पोरगी पाच महिने पहिली येत होती!

"मग उद्या डाव्यानेच खेळ."

"सगळ्यांसमोर?" आरबा एकदम उसळली. "तुम्ही ज्यांना ज्यांना परत द्या म्हणून उभं केलंत, ते सगळे तिथे मागे उभे असणार, पापा. म्हणतील, मास्तरच्या घरातच वळण नाही. मी उजव्याने खेळेन आणि हरेन. सोडा ना तो विषय." केंके तसाच काउंटरवर टाकून ती निघून गेली.

एफुआने पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "मिरची मीच वाटली होती रे."

"चोळली मी."

थोड्या वेळाने मास्तरांची नजर केंकेवर गेली. गरम पिठावर, पानासकट, झेलणाऱ्या डाव्या हाताच्या पाच बोटांचे खळगे उमटले होते. अंगठा कुठे, करंगळी कुठे, पंजा किती वाकलाय, सगळं त्यात होतं. मास्तरांनी गोळा उचलून फळीवर ठेवला आणि खळगे मोजायला लागले.

"खायचंय ते, मोजायचं नाही!" एफुआ ओरडली.

"साडेसहा," मास्तर स्वतःशीच म्हणाले. "अर्धा नंबर मोठा. आणि मी गावाला सांगतो की मला हात कळतो!"

खरंच, कसा कळणार होता? ओवारे खेळायचं ते उजव्याने, फळीवर ठेवायचा तो उजवा. दुसरा हात त्यांनी कुणाचा कधी बघितलाच नव्हता.

काचेतल्या सगळ्या महागड्या माऊसना अंगठ्यासाठी डावीकडे खोबण होती, म्हणजे उजव्या हातासाठी. मास्तरांनी खालचं खोकं उपसलं. बंदरातल्या एका बंद पडलेल्या हापिसातले माऊस त्यात पडून होते, राखाडी, बिनदिव्याचे, दोन्ही बाजूंनी सारखे. त्यातला एक केंकेच्या खळग्यांशी जुळला. पण पोटातला हालचाल टिपणारा डोळा त्याचा मंद. मग मास्तरांनी एक लुकलुकणारा माऊस फोडला आणि त्याचा तल्लख डोळा काढून राखाडीच्या पोटात बसवला. आत वजन द्यायला घातलेला लोखंडाचा तुकडा काढून टाकला. तळाचे पाय बुटाच्या मेणाने गुळगुळीत घासले. आणि वायर होती ताठ, हाताला मागे ओढणारी. तिचं जाड कवच सोलून त्यांनी आतल्या तारा पांढऱ्या पोकळ नाडीत ओवल्या, बावीस वर्षं नाड्या ओवलेल्या बोटांनी. वायर अशी लोळायला लागली की हाताला तिचा पत्ताही लागू नये.

शनिवारी तीन वाजता कोबिनाच्या माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आरबा खुर्चीत बसली होती, उजवा हात तिथल्या माऊसवर, चेहरा हरून बसलेल्या माणसाचा. कोबिना "सुरू करा" म्हणणार इतक्यात गर्दीतून मास्तर पुढे आले. त्यांनी राखाडी माऊस खिशातून काढला आणि पोरीपुढे धरला.

डाव्या हाताने.

मागच्यांनी माना उंचावल्या. कुणीतरी खाकरलं. कोबिनाचा जबडाच खाली आला. "मास्तर... डावा हात!"

"दिसतंय मला."

"पापा," आरबा ओठांतल्या ओठांत म्हणाली, "लोक बघतायत."

"बघू देत. मिरची लावली ती घरात, कुणी बघत नव्हतं. चुकलं माझं, हे तरी चार लोकांसमोर म्हणू दे." मग ते दटावल्यासारखं म्हणाले, "घे लवकर, हात अवघडला माझा. सवय नाही त्याला."

आरबाने डावा हात पुढे केला आणि माऊस घेतला. मग कीबोर्ड उजवीकडे ओढला. अंगठा बरोबर बसला, करंगळी बरोबर बसली. तिने एकदा माऊस इकडून तिकडे सरकवला आणि बापाकडे बघून पहिल्यांदा हसली.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही, कारण समोरच्याला फार वेळ मिळालाच नाही. दहापैकी नऊ गोळ्या डोक्यात, दहावी टोपीला. मागे उभे राहून खोटारडी म्हणणारेच आता तिला खुर्चीसकट उचलून नाचत होते. एफुआ खालून जिना चढून येईपर्यंत सगळं संपलं होतं, तरी ती सगळं बघितल्यासारखी ओरडत होती. पाचव्या जागेपुढे कोबिनाने आरबाचं नाव लिहिलं, आणि ते लिहिताना दोनदा तिच्या डाव्या हाताकडे बघितलं.

सोमवारी सकाळी कोबिना दुकानात आला. केंके खाऊन झालं होतं, मिजास चढलेली होती. त्याला अड्ड्यासाठी तसलाच नाडीवाला माऊस हवा होता. मास्तरांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि पट मांडला.

"एक डाव उजव्याने, एक डाव्याने," ते म्हणाले. "आता दोन्ही बघतो मी."

कोबिना दोन्ही डाव हरला. मग बाहेर बसलेल्या आरबाकडे डोळा मिचकावत त्याने खिशातून नोट काढली आणि ऐटीत डाव्या हाताने मास्तरांपुढे धरली.

मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"बाहेर जा," ते म्हणाले. "परत आत ये. आणि उजव्या हाताने दे. मी तुला कधी मिरची लावली होती?"