रुमाल टाकलेली खुर्ची

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा फुकट सिनेमा दाखवतात. परवा एक जुना इटालियन सिनेमा होता, काळापांढरा. पेन्शनीत ज्याचं भागत नाही असा एक म्हातारा, भाड्याची खोली, आणि एवढ्या मोठ्या शहरात त्याच्याशी दोन शब्द बोलायला कोणी नाही.

माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा बसले होते. शर्टाची कॉलर विरल्यावर उलटवून शिवलेली. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी रुमाल टाकून जागा धरली होती. सभागृह भरत आलं तसे लोक थबकून विचारत, "इथे कोणी आहे का?" आजोबा मान वर करून हसत आणि सांगत, "हो, येतायत."

सिनेमा अर्धा झाला तरी कोणी आलं नाही. पडद्यावरच्या म्हाताऱ्यासाठी अंधारात नाकं ओढली जात होती. माझं लक्ष मात्र सारखं त्या रुमालाकडे जात होतं. कोणाची वाट बघत असतील? बायकोची, की एखाद्या जुन्या मित्राची? या वयात वाट बघण्याचीसुद्धा सवय होऊन जात असेल.

दिवे लागल्यावर न राहवून मी विचारलं, "आजोबा, तुमचं माणूस आलं नाही वाटतं?"

ते रुमालाची घडी घालत होते. "यायचं कोणीच नव्हतं हो," ते म्हणाले. "खुर्ची रिकामी असली की लोक येतात, बसतात आणि सिनेमा बघून निघून जातात. रुमाल असला की निदान विचारतात तरी."