हात मागंच बरे

"हात मागंच बरे वो ताई."

आमच्या ऑफिसातले भाऊ दिवसातून एकदा तरी हे म्हणायचे. लाडवांचा डबा पुढे करा, लग्नात सरबताचा ग्लास पुढे करा, त्यांचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंतलेलेच. ग्लास टेबलावर ठेवायचा, त्यात काय आहे ते सांगायचं, मग कुठे एक हात बाहेर यायचा. हात मागे बांधून चालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक रिटायर हेडमास्तर असतात, नाहीतर दुसऱ्याच्या घराचं बांधकाम बघत थांबलेले रिकामटेकडे. भाऊ दोन्ही नव्हते.

रायपूरच्या आमच्या छोट्या संस्थेत बस्तरच्या कारागिरांनी ओतलेल्या पितळी मूर्ती प्रदर्शनांसाठी गोळा व्हायच्या. भाऊ गावोगाव फिरून त्या आणायचे, मी पत्रव्यवहार बघायचे. बस्तरात घरी आलेल्या पाहुण्याला पानाच्या द्रोणात मोहाची दारू देतात. नको म्हटलं की घरच्यांचा चेहरा उतरतो, आणि भाऊंना कुणाचा उतरलेला चेहरा बघवत नसे. लोकांचा मान राखायला ते प्यायला लागले. काही वर्षांनी त्यांचा स्वतःचाच मान उरला नव्हता.

"माणूस दारू तोंडानं नाही पेत ताई, हातानं पेते," ते सांगायचे. "हात पुढं गेला का सपलं."

दारू सुटली ती वहिनींमुळे. त्या दिवसांत संध्याकाळी दोघं बूढ़ा तालाबला चक्कर मारायची. भाऊ पुढे, हात मागे. आणि एक पाऊल मागे वहिनी, त्यांची बोटं मुठीत धरून. बूढ़ापाऱ्यातला पानवाला ओरडायचा, "भाभी, आज कौन से थाने?" वहिनी न थांबता म्हणायच्या, "घर के थाने." पुढे भाऊ दर रविवारी विहारात पंचशील घ्यायला लागले. मद्य वर्ज्य करणाऱ्या पाचव्या शीलाला त्यांचा आवाज इतका चढायचा की लहान मुलं दचकून मागे बघायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. भाऊ ताकाच्या वाटेलाच जात नसत.

अशा माणसाला चीनचं बोलावणं आलं. काइली नावाचं डोंगरातलं लहानसं शहर, म्याओ लोकांच्या चांदीकामासाठी आणि भरतकामासाठी नाव असलेलं. तिथल्या हस्तकलेच्या मेळ्यात आमच्या मूर्ती मांडायच्या होत्या. भाऊ, मी आणि बस्तरातल्या कोंडागावचा एक कारागीर, असे तिघं जाणार होतो.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी चौबे कॉलनीत माझ्या घरी आल्या. पाणी दिलं तर तेही त्यांनी बाजूला ठेवलं.

"तिकडं पाहुण्याईले शिंगातून दारू पाजतात म्हणे?"

"कोणी सांगितलं तुम्हाले?"

"पोट्टीनं मोबाईलमधी दाखवलं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "डॉक्टर म्हणे, आता एक घोट जरी गेला, तरी हा माणूस थांबत नाही. अन् लिव्हर तर आधीच गेल्यासारखं हाय. लक्ष ठेवजा ताई."

"वहिनी, भाऊ काय कुकुलं बाळ हायेत?" मी हसून म्हटलं. त्या हसल्या नाहीत. त्या गेल्यावर माझंही हसू टिकलं नाही.

विमानं बदलत बदलत आम्ही काइलीला पोचलो. सगळीकडे हिरवे डोंगर, त्यांच्या अर्ध्यावर अडकलेलं धुकं, आणि गल्लीगल्लीतून चांदी ठोकल्याचा आवाज. अंबाड्यात मोठं फूल खोचलेल्या बाया भाजी घेत होत्या. आमचा कारागीर पहिल्याच दुकानात एका सोनाराशेजारी जाऊन बसला. भाषेचा एक शब्द कळत नसताना दोघं तासभर एकमेकांच्या हातोड्या पारखत राहिले. "अपने गाँव जैसा ही है," असं तो सारखं म्हणायचा. ते ऐकलं की मी भाऊंकडे बघायचे, कारण त्याच्या गावात भाऊंचं काय झालं होतं ते मला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी भाऊ खुशीत होते. तिथे जेवताना गरम पाणी देतात. "हा देश चांगला हाय ताई, गरम पाणी मांगाच लागत नाही." पण जेवणं काही साधी नव्हती. दर थोड्या वेळानं कोणीतरी उठायचं, पेला उंचवायचं, आणि सगळे आमच्याकडे बघायचे. मी आणि कारागीर उठायचो. भाऊ उठायचे, पण हात मागे ठेवूनच मान लववायचे. लोक हसून घ्यायचे. मी मात्र भात चिवडत त्यांचे हात बघत बसायचे.

दुसऱ्या दिवशी ते गप्प झाले. तिथली दारू तांदळाची, तिचा वास आपल्याकडच्या बासीच्या, रात्रभर भिजवलेल्या शिळ्या भाताच्या पाण्यासारखा, आंबूस गोड. तो वास सबंध शहरात होता असं मला वाटायला लागलं. जेवताना भाऊंच्या हातातल्या काड्या खाली पडल्या. त्यांनी त्या उचलल्या नाहीत. मी विचारलं, "भाऊ, बरं वाटून नाही राहिलं का?"

"बरा हाय," ते म्हणाले. "लवकर घरी जाऊ."

शेवटच्या दिवशी आम्हाला शहराबाहेरच्या एका गावात नेलं. बसमध्ये आमची दुभाषी मुलगी उभी राहिली. पुस्तकातली हिंदी बोलायची ती, प्रत्येक शब्द धुऊन वाळवल्यासारखा. "गाँव के द्वार पर आपको सींग से मदिरा पिलाई जाएगी। कृपया सींग को हाथ मत लगाइए। हाथ लगाया तो पूरा पीना पड़ेगा। हाथ न लगाएँ तो एक घूँट पर्याप्त है।"

"और एक घूँट भी नहीं पिया तो?" मी विचारलं.

तिनं जरा विचार केला. "ऐसा कोई करता नहीं।"

मी भाऊंकडे वाकले. "तुम्ही बसमधीच बसा. डोकं दुखून राहिलं म्हणून सांगते मी."

"दारात येऊन मानुस बसमधी बसून राहते का? त्याईले काय वाटन?"

मला असा संताप आला! त्याईले काय वाटन, त्याईले काय वाटन! याच एका वाक्यानं या माणसाची निम्मी जिंदगी खाल्ली होती, आणि चीनच्या डोंगरात येऊनही ते त्यांच्या तोंडून जात नव्हतं. मी खाली उतरताना त्यांच्या अगदी मागे राहिले.

दगडी पायऱ्यांवर लाकडी कमान होती आणि तिच्यासमोर दोन रांगांत बाया. डोक्यावर चांदीचे मुकुट, गळ्यात चांदीच्या जड हसळ्या, हलल्या की सगळं छुमछुमत होतं. त्या गात होत्या. मध्ये एक म्हातारी होती, रेड्याचं हे एवढं शिंग दोन्ही हातांनी धरून. कारागीर पुढे गेला. ओल्या डोळ्यांनी त्यानं शिंगाला हात लावला आणि सगळं पिऊन टाकलं. बाया हर्षानं ओरडल्या. शिंग पुन्हा भरलं.

मग भाऊ.

म्हातारीनं शिंग त्यांच्या ओठांपाशी आणलं. गाणं चढलं. भाऊ मान वळवत नव्हते, मागे सरत नव्हते. नुसते उभे होते, आणि त्यांच्या पाठीमागचे ते हात माझ्या डोळ्यांसमोर एकमेकांत आवळलेले होते. मग बोटं सुटायला लागली. उजवा हात मोकळा झाला आणि कमरेच्या पुढे गेला.

मी विचार केला नाही. तो हात ओढून मागे आणला, डाव्यावर दाबला आणि दोन्ही माझ्या मुठींत घट्ट धरले. रायपुरात हे केलं असतं तर चौबे कॉलनीला महिनाभर पुरलं असतं. हात बर्फासारखे गार होते आणि पुढे जायला जोर करत होते. मी पायरीला टाच रोवली.

"सोडू नको," भाऊ म्हणाले. मागे न बघता, अगदी हळू.

मला ते कधी अगंतुगं करत नसत.

शिंग कललं. भाऊंनी ओठ गच्च मिटले होते. दारू त्यांच्या हनुवटीवरून शर्टावर उतरली. गाणं अडखळलं. दुभाषी मुलगी घाबरून काहीतरी बोलायला पुढे झाली, पण म्हातारीनं तिला मानेनंच थांबवलं. तिनं भाऊंचा चेहरा पाहिला, मग जरा बाजूला वाकून मागे माझ्या मुठी पाहिल्या. बराच वेळ बघत राहिली. पिणाऱ्याच्या घरात दिवस काढलेल्या बाईला, ती कुठल्याही देशातली असो, असे हात ओळखू येत असावेत. तिनं शिंग खाली घेतलं आणि दारूची धार भाऊंच्या पायापाशी मातीत सोडली. मग स्वतःच्या बाहीनं त्यांची हनुवटी पुसली, अगदी कोरडी होईपर्यंत, आणि जाळीत बांधलेलं, पाहुण्याच्या मानाचं एक लाल रंगवलेलं अंडं त्यांच्या गळ्यात घातलं. बायांनी पुन्हा गाणं उचललं. कमानीतून आत गेल्यावरच मी हात सोडले. माझीच बोटं उघडेनात.

त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही. ऑफिसात ते पूर्वीसारखंच "हात मागंच बरे वो ताई" म्हणायचे, आणि मी लाडू त्यांच्या टेबलावर ठेवायचे.

वहिनींना मात्र मी आल्या आल्या सगळं सांगितलं. परक्या बाईनं नवऱ्याचे हात धरले म्हटल्यावर त्या काय म्हणतील, याची धाकधूक होतीच. त्यांनी फक्त विचारलं, "घट्ट धरले ना वो ताई?"

"घट्ट धरले. ते म्हणाले, सोडू नको."

 "मलेच म्हणाले ते," वहिनी म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

भाऊ गेल्या हिवाळ्यात गेले. लिव्हरनं दिलं तितके दिवस त्यांनी पुरते घेतले, आणि त्यातल्या एकाही दिवशी दारूचा घोट त्यांच्या घशाखाली उतरला नाही. मला त्यांची फार आठवण येते. डबा उघडला की अजून मी आधी टेबलावर ठेवते.

परवा संध्याकाळी बूढ़ा तालाबवर वहिनी दिसल्या. एकट्याच चक्कर मारत होत्या, हळू, कडेकडेनं. पानवाल्यानं त्यांना पाहून मान खाली घातली. मी हाक मारणार होते, पण थांबले. त्यांचा उजवा हात जरासा पुढे होता, मूठ मिटलेली, आणि समोर कोणी नसताना त्या एक पाऊल मागे राहून चालत होत्या.