मोठ्या मामांचा रॉकेटचा तुकडा

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा अख्ख्या शहरात आनंद न झालेला एकच माणूस होता, तो म्हणजे आमचे मोठे मामा. "राजधानी झाली तरी जमिनीवरच आहे ना?" एवढंच ते म्हणाले. जन्मभर रेल्वेत कारकुनी केली, पण लक्ष कायम वर. तात्यापारा मोहल्ल्यात भाजी आणायला निघाले आणि विमानाचा आवाज आला की भर रस्त्यात थांबायचे, मागचा रिक्षावाला "हटो भैया" ओरडेपर्यंत.

या सगळ्याचं मूळ एका पत्र्याच्या पेटीत होतं. त्यांचे थोरले चुलतभाऊ दक्षिणेत रॉकेटच्या कारखान्यात फिटर होते. ते गेले आणि पेटी मामांकडे आली. आत पिवळी कात्रणं, कापडी बिल्ला आणि चाचणीत जळालेल्या रॉकेटचा तळहाताएवढा काळाठिक्कर तुकडा. "वर गेला नाही, पण जाणाऱ्याचा सख्खा भाऊ आहे," असं मामा प्रामाणिकपणे सांगत. घरी येणाऱ्या प्रत्येक पोराला हात धुवायला लावून तुकडा द्यायचे आणि त्यानं काहीतरी विचारावं म्हणून वाट पाहत बसायचे. लहानपणी मी तो कपाळाला लावला तर कडाडले, "पाया काहून पडून राहिली? विचार ना काही!" मी तुकडा त्यांच्या हातात ठेवून पळाले. पुढे मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट झाले, पेढे घेऊन गेले, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "आता तरी विचार."

राजधानीच्या पहिल्या दिवाळीला माझ्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन गेले. मामांनी पेटी उघडली आणि मामीला जोरात हाक मारली. मामीनं साफसफाईत तुकडा चिंच-राखेनं घासून लख्ख केला होता.

"दिवाळीत काळं ठेवतात का काही घरात?" मामी म्हणाली.

"अवं, ते रॉकेटच्या आगीचं काळं होतं! लोखंडाचं पाणी होते त्या आगीत! आता पोट्टीले काय दाखवू?"

मुलीनं तुकडा उलटापालटा केला. तिला मराठी समजते, पण बोलते हिंदीत. "आजोबा, फिर ये पिघला क्यों नहीं?"

मामांनी चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं प्रश्नाची वाट पाहिली होती, उत्तर काही तयार ठेवलं नव्हतं. "मले नाही मालूम!" ते इतक्या आनंदानं ओरडले की मामीनं घाबरून पाणी आणलं. पुढच्याच आठवड्यात ते पोट्टीला घेऊन उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या एका भट्टीवर गेले, तिथल्या मिस्त्रीला विचारायला.

आता मामा नाहीत. पेटी आमच्याकडे आहे. मुलगी ती उघडते, वहीत तिचे प्रश्न लिहून ठेवते. कधी मीही तुकडा हातात घेते, काहीतरी विचारावं म्हणते, आणि हात आपोआप कपाळाकडे जातो.